चौकात बसून माणसं न्याहाळायची कशी

चौकातल्या बाकावर बसून माणसं बघायला लागलं की साधारण दहाव्या मिनिटाला हात खिशातल्या फोनकडे जातो. 'इथे काही घडतच नाहीये' असं वाटायला लागतं. घडत भरपूर असतं, पण आपले डोळे भांडण, धावपळ, गाणं-बजावणं असलं ठळक काहीतरी शोधत असतात, आणि चौकातलं बहुतेक सगळं बारीक असतं. कुणीतरी खुर्ची चार बोटं सरकवतं आणि मगच बसतं. निरोप घेऊन झालेला असतो, तरी पाय हलत नाहीत. समोरासमोरून येणाऱ्या गर्दीच्या न सांगता दोन रांगा पडतात. हे दिसायला लागण्यासाठी नीट जागा, पुरेसा वेळ आणि एका वेळी एकच प्रश्न एवढ्या तीन गोष्टी लागतात. चौथी म्हणजे संयम: आधी दिसलं ते लिहायचं, अर्थ मागाहून लावायचा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

चौक म्हणजे इथे नुसता सिग्नलचा चौक नव्हे. माणसांना थांबता येईल, कुठेतरी टेकता येईल, आडवंतिडवं चालता येईल एवढी मोकळी जागा हवी. पायऱ्या, कट्टे, कारंज्याचा काठ असलं काही असेल तर फारच बरं.

जागा

अर्धं काम जागाच करते. पहिला मुद्दा अंतराचा. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी शहरातल्या मोकळ्या जागांचा अभ्यास करताना नजरेच्या टप्प्यांचा हिशेब मांडला आहे. साधारण १०० मीटरवरून 'ते माणूस आहे आणि चालतंय किंवा बसलंय' एवढं समजतं. ३० मीटरच्या आसपास चेहरेपट्टी दिसते, ओळखीचा माणूस ओळखू येतो. २० ते २५ मीटरच्या आत आल्यावर चेहऱ्यावरचे भाव वाचता येतात. सातेक मीटरच्या आत बोलणंही कानावर पडायला लागतं.

म्हणून तुमची जागा आणि चौकातली सगळ्यात दाट जागा यांच्यात १० ते २० मीटर ठेवा. साध्या चालीचं एक पाऊल पाऊण मीटरच्या आसपास धरलं तर ही पंधरा ते पंचवीस पावलं होतात. एकदा चालून मोजा, मग बसा. यापेक्षा जवळ बसलात तर माणसांना तुमची जाणीव होते आणि ती आवरून वागायला लागतात. यापेक्षा लांब बसलात तर नुसत्या हालचाली दिसतात, चेहरे हरवतात.

दुसरी गोष्ट पाठीची. भिंत, खांब, झाड, कुंड्यांची रांग असं काहीतरी पाठीशी असू द्या. मागून कोण येतंय याची काळजी नसली की नजर पुढे स्थिर राहते. शिवाय बहुतेक माणसं अशाच कडेच्या जागा धरून बसतात, त्यामुळे तिथे तुम्ही त्यांच्यातलेच एक दिसता. मोकळ्या पटांगणाच्या मधोमध एकटं बसलेलं माणूस स्वतःच बघण्याचा विषय होतं.

ऊन पाठीशी घ्या, म्हणजे समोरच्या चेहऱ्यांवर उजेड पडतो आणि तुमचे डोळे दिपत नाहीत. सूर्य हलतो हे लक्षात ठेवा. आता सावलीत असलेला बाक तासाभराने उन्हात जाणार असेल तर तिथल्या नोंदी अर्ध्यावर सुटतात.

कोनाकडे लोक लक्षच देत नाहीत. माणसं ज्या दिशेने येतात तिच्या थेट तोंडावर बसू नका. येणारा प्रत्येक जण तुमच्याकडे बघत येतो आणि तुम्हाला दर दोन सेकंदांनी नजर वळवावी लागते. प्रवाह तुमच्या समोरून थोडा तिरका जाईल असं बसा. माणूस बाजूने दिसतं तेव्हा त्याची चाल, पाठीचा बाक, हातांचा झोका आणि पाऊल टाकायची तऱ्हा पूर्ण दिसते. समोरून यातलं फारसं काही दिसत नाही.

उंचीचा फायदा होतो, पण थोड्याच उंचीचा. चार-पाच पायऱ्या वर बसणं सगळ्यात छान. पहिल्या मजल्याची खिडकीही चालते. चौथ्या-पाचव्या मजल्यावर गेलात की माणसं ठिपके होतात. माणसं कुठून कुठे जातात हे तिथून झकास दिसतं, माणूस मात्र दिसत नाही. रांगा आणि वाटांचाच अभ्यास करायचा असेल तर वर जा, नाहीतर खालीच बरं.

टाळायच्या जागा थोडक्यात: एटीएमच्या समोर, मुलांच्या खेळण्यांजवळ, स्वच्छतागृहाच्या दाराकडे तोंड करून, आणि मोठ्या कर्ण्याच्या शेजारी. पहिल्या तीन ठिकाणी लोक तुमच्याकडे संशयाने बघतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. चौथ्या ठिकाणी काहीच ऐकू येणार नाही.

किती वेळ, केव्हा

एका बैठकीला पाऊण तास ते दीड तास. पाऊण तासाच्या आत उठलात तर काहीच हाती लागत नाही, कारण पहिली पंधरा-वीस मिनिटं आजूबाजूच्यांना तुमची सवय होण्यात जातात. तुमच्या शेजारचा तुमच्याकडे बघायचा थांबला की काम सुरू झालं असं समजा. दीड तासानंतर डोळे बघत राहतात, पण मेंदूत काही उतरत नाही. नोंदी एकसारख्या यायला लागल्या की उठावं.

वेळ निवडताना भर गर्दीचा तास धरू नका. गर्दी शिगेला पोहोचली की सगळी माणसं एकच काम करतात, ते म्हणजे वाट काढणं. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा अर्धा तास जास्त देतो. कार्यालयं सुटायला लागताना, दुकानांचे दिवे लागताना, बाजार आवरताना एक जमाव जात असतो आणि दुसरा येत असतो, आणि दोघांची चाल वेगळी असते. पाऊस येण्याआधीची आणि थांबल्यानंतरची पाच मिनिटं तर चुकवूच नका. आडोशाला अनोळखी माणसं एकमेकांना खेटून उभी राहतात, एरवी न बोलणारे आभाळाबद्दल बोलतात, आणि पाऊस थांबल्यावर 'आता निघायला हरकत नाही' हे पहिलं कोण ठरवतं आणि बाकीचे त्याच्या मागून कसे निघतात, हे बघण्यासारखं असतं.

एकाच जागी तीन वेगवेगळ्या वेळी बसणं हे तीन वेगवेगळ्या चौकांत एकेकदा बसण्यापेक्षा कितीतरी उपयोगी. कुठल्या खांबाला लोक टेकतात, कुठली पायरी सगळे टाळतात, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

सोबत काय असावं

तळहाताएवढी वही, शिसपेन्सिल (पेन उन्हात गळतं, दमट कागदावर अडतं), सेकंदकाटा असलेलं घड्याळ, पाण्याची बाटली. बाक दगडी असेल तर खाली घ्यायला काहीतरी जाडसर. बूड दुखायला लागलं की सगळं निरीक्षण संपतं, हे गमतीने लिहिलेलं नाही.

फोनवर टिपणं काढायला हरकत नाही, पण दोन तोटे आहेत. एक म्हणजे फोन हातात असला की मान खाली जाते ती जातेच. दुसरं म्हणजे फोन समोर उभा धरलात की 'हा माणूस आपलं चित्रण करतोय' असं कुणालाही वाटतं. कॅमेरा, दुर्बीण घरीच ठेवा. गडद चष्मा घालून आपण लपतो असा समज आहे. उलट एका जागी अर्धा तास बसलेलं, गडद चष्म्याचं तोंड एकाच दिशेला रोखलेलं माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतं.

नजर कशी ठेवायची

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये एक साधी गोष्ट नेमकी मांडली. रस्त्यात समोरून येणारी दोन अनोळखी माणसं लांबून एकमेकांकडे एकदा बघतात आणि आठेक फुटांवर आली की दोघंही नजर उतरवतात. 'तू आहेस हे मला दिसलं, पण मला तुझ्याशी देणंघेणं नाही' असा तो मूक करार. माणसं न्याहाळणाऱ्याने तो मोडायचा नाही. एका माणसावर सलग दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नजर ठेवू नका. पुढे न्या, पलीकडच्या खांबावर, झाडावर टेकवा, आठ-दहा सेकंदांनी परत आणा. हवं ते या तुकड्यातुकड्यांतून जुळतं. माणसावर नजर रोखण्यापेक्षा त्याच्या थोडं पलीकडे बघायची सवय लावली तर डोळ्यांच्या कडेने हालचाल चांगली टिपता येते. टक लावून बघणाऱ्याला एकच चेहरा दिसतो. त्याच्या शेजारी चाललेलं सगळं निसटतं.

क्रम उलटा ठेवा: आधी पाय, मग हात, मग धड, शेवटी चेहरा. चेहऱ्यापासून सुरुवात केली की लगेच मत बनतं आणि बाकीचं सगळं त्या मताला जुळवून दिसायला लागतं. पायांवरून मात्र अजून कुठलंच मत झालेलं नसतं. गोलात उभ्या चौघांपैकी कुणाची पावलं गोलाच्या बाहेर वळलेली आहेत, कोण वजन या पायावरून त्या पायावर घेतंय, कोण टाचांवर झुलतंय, एवढंच आधी टिपा.

नजरानजर झालीच तर झटकन मान फिरवू नका. चोरी पकडल्यासारखं दिसतं. हलकंसं हसा किंवा नुसती पापणी मिटून उघडा आणि सावकाश वहीकडे वळा. पुढची पाच मिनिटं त्या माणसाकडे बघायचं नाही. त्याच माणसाशी दुसऱ्यांदा नजर भिडली तर तो विषय तिथेच सोडा.

काय बघायचं

प्रश्न घेऊन बसलं नाही तर चौक म्हणजे नुसता गलका. एका बैठकीला एकच प्रश्न घ्या. पुढचे सगळे प्रश्न एका दिवसात उरकायला गेलात तर त्यातला एकही नीट होणार नाही.

सुरुवातीला चालण्यापासून धरा. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजून २० मीटरची पट्टी ठरवा आणि ती ओलांडायला किती सेकंद लागतात ते बघा. घाई नसलेलं, एकटं चालणारं मोठं माणूस साधारण पंधरा सेकंद घेतं. दोघं गप्पा मारत चालले की वेळ वाढतो. फोनवर बोलणाऱ्याचाही वाढतो, आणि त्याची रेघ सरळ राहत नाही. तिघांच्या घोळक्याकडे खास लक्ष द्या. जागा असेल तर ते एका रांगेत चालतात. गर्दी वाढली की मधलं माणूस किंचित मागे पडतं आणि दोन्ही बाजूंचे पुढे येतात. पुढे घुसायला हा आकार सोयीचा मुळीच नाही, पण तिघांना एकमेकांचे चेहरे दिसतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या पादचाऱ्यांच्या चित्रणावर आधारलेल्या अभ्यासात हेच आढळलं: गर्दी वाढली तरी माणसं वेगापेक्षा गप्पांची सोय आधी बघतात. कडेला बसून हे दहा मिनिटांत पडताळता येतं.

त्यानंतर थांबलेल्यांकडे वळा. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम एच. व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छतांवर कॅमेरे लावून चौकांचं चित्रण केलं आणि तासन्‌तास ते तपासलं. लोक बोलायला गर्दीतून बाजूला जात असतील असा त्यांचाही अंदाज होता. दिसलं उलटंच. ओळखीची माणसं भेटतात ती येण्याजाण्याच्या ऐन वाटेवर, आणि तिथेच उभी राहून बोलतात, लोकांचे धक्के खात. हे तुमच्या चौकात खरं आहे का ते बघायला कागदावर चौकाचा ओबडधोबड नकाशा काढा आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ उभं राहून बोलणारी प्रत्येक जोडी फुलीने दाखवा. तासाभरात फुल्या कुठे दाटतात ते आपोआप दिसतं. व्हाइट यांची दुसरी नोंद हलवता येणाऱ्या खुर्च्यांबद्दल आहे. बसण्याआधी माणूस खुर्ची थोडी सरकवतं, आणि बऱ्याचदा ती होती जवळपास तिथेच ठेवतं. ना ऊन बदललं, ना सावली. तरी सरकवतंच. शेजारी कुणी बसलेलं असेल तर ती सरकवणं म्हणजे 'मी तुमच्या जागेत आलो नाही' असं सांगणंही असतं. सुट्या खुर्च्या असतील तर एक अख्खी बैठक निव्वळ यावर घालवायला हरकत नाही.

बाकावर वेगळाच खेळ चालतो. तिघांचा बाक दोघांतच भरतो. पहिला एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, मधे पिशवी. तिसरं माणूस आलं की ती पिशवी कधी उचलली जाते ते मोजा: तो बाकाकडे बघताना, त्याने विचारल्यावर, की तो बसायला वाकल्यावर? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये अंतरांचे टप्पे मांडले होते: ४५ सेंटिमीटरच्या आत जिवलग, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीचे, आणि पुढे ३.६ मीटरपर्यंत कामापुरते. हे आकडे अमेरिकी मध्यमवर्गावरून काढलेले आहेत, सगळीकडे लागू पडत नाहीत, हे स्वतः हॉल यांनीही सांगितलं होतं. त्यामुळे आकडे पाठ करण्यापेक्षा तुमच्या चौकात अनोळखी माणसं एकमेकांपासून किती लांब टेकतात ते वीतभर-हातभर असं नोंदवा.

निरोप मात्र जवळून, सावकाश बघायचा विषय. लोकांना वाटतं निरोप म्हणजे एक क्षण. प्रत्यक्षात ती लांबत जाणारी गोष्ट असते. नोंद अशी उतरली पाहिजे:

६:१२ – दोघी, अंतर हातभर. डावीकडची पिशवी खांद्यावर चढवते. पाय जागेवर.
६:१३ – उजवीकडची अर्धं पाऊल मागे. बोलणं सुरूच.
६:१४ – दोघी हात हलवतात. डावीकडची वळते, दोन पावलं जाते, थांबते, मान वळवून काहीतरी सांगते. उजवीकडची पुन्हा एक पाऊल पुढे येते.
६:१६ – आता अंतर पहिल्यापेक्षा कमी. डावीकडचीची पिशवी खाली, जमिनीवर.
६:१९ – पिशवी पुन्हा खांद्यावर. या वेळी हात हलत नाही, फक्त मान. दोघी एकाच वेळी वळतात.

सात मिनिटं गेली. पहिला निरोप खोटा होता, दुसरा खरा. पिशवी खाली ठेवली तेव्हा बोलणं नव्याने सुरू झालं हे पिशवीनेच सांगितलं. या नोंदीत 'मैत्रिणी', 'बहिणी', 'आनंदी', 'दुःखी' असा एकही शब्द नाही. त्यामुळे ती महिन्याने वाचली तरी कामाची राहते.

वाट बघणारं माणूस ओळखायला सोपं असतं. ते खालच्या मानेने फोन बघत असलं तरी येणाऱ्या चेहऱ्यांकडे मधूनमधून मान वर करतं. नुसता वेळ काढणारा तशी करत नाही. वाट बघणारा ठराविक खुणेजवळ राहतो: पुतळा, घड्याळ, कोपरा. तिथून चार पावलं जातो आणि परत येतो. वेळ उलटत गेली की ही फेरी लांबते की आखडते, ते तुम्हीच बघा.

शेवटचा प्रश्न जमावाचा. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर माणसं उभी करून त्यांना समोरच्या इमारतीच्या वरच्या खिडकीकडे बघायला सांगितलं होतं. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात एकच माणूस वर बघत असताना जाणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले; पंधरा जण बघत असताना ४० टक्के. चौकात एखादा वादक किंवा कसरत करणारा आला की हेच होतं. आता कलाकाराकडे नाही, बघ्यांकडे बघा. पहिले तिघं-चौघं थांबेपर्यंत बहुतेक जण चाल मंदावतात पण थांबत नाहीत. अर्धवर्तुळ एकदा तयार झालं की ते झपाट्याने भरतं. अनोळखी बघे एकमेकांशी बोलायला लागतात ते याच ठिकाणी, कारण दोघांना बोलायला तिसरी गोष्ट मिळालेली असते.

मोजणी

प्रत्येकाला आवडेल असं काम नाही, पण 'आज फार गर्दी होती' या वाक्याला आधार लागतो. दोन खुणांमध्ये एक मनातली रेघ आखा आणि ती ओलांडणारेच मोजा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. जाणारे-येणारे वेगवेगळे. तासातली दहाच मिनिटं मोजायची आणि आकड्याला सहाने गुणायचं. गेल यांच्या पद्धतीतली मोजणीही अशीच दहा मिनिटांची असते. कागदाकडे बघायची उसंत मिळेनाशी झाली तर अंदाजाने आकडे भरू नका, रेघच अर्धी करा. मोजणीतली नेहमीची चूक म्हणजे रेघेवर घुटमळणारा माणूस तीनदा मोजला जाणं. त्यासाठी नियम आधीच ठरवा: पूर्ण ओलांडलं तरच एक.

बसलेल्यांचं मोजमाप वेगळं. दर पंधरा मिनिटांनी सगळ्या चौकावरून एकदाच, डावीकडून उजवीकडे नजर फिरवा आणि नकाशावर बसलेल्यांचा ठिपका, उभ्यांची फुली करा. नजर फिरवताना मागे वळायचं नाही. आधीच्या कोपऱ्यात मागाहून कुणी येऊन बसलं तर ते पुढच्या फेरीत.

अंदाज कुठे चुकतात

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. 'हाताची घडी, खांदे वर' डावीकडे. 'रागावलाय' उजवीकडे. आणि उजवीकडे एक कारण लिहिलं की आणखी दोन लिहायची सक्ती स्वतःवर करा. थंडी वाजत असेल. हात ठेवायला खिसा नसेल. तिसरं कारण सुचेपर्यंत बहुधा त्या माणसाकडे पुन्हा बघावं लागतं, आणि ते बघणं पहिल्यापेक्षा चांगलं असतं.

देहबोलीचे तयार कोष्टक बाजारात भरपूर मिळतात: नाकाला हात लावला म्हणजे खोटं, पाय हलवला म्हणजे अस्वस्थ. त्यांवर विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यासांचे निकाल एकत्र केले, तेव्हा खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतात असं निघालं. नाणं उडवलं तर ५० टक्के. हेही बहुतेक वेळा बोलणं ऐकू येत असताना. तुम्ही तर पंधरा मीटरवर बसलेले आहात.

हसण्याचं थोडं वेगळं आहे. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ मध्ये दाखवलं की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो, गाल वर येतात, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. हे लांबून दिसतं. पण पुष्कळ माणसांना असं हसू ठरवूनही आणता येतं. म्हणून 'डोळे हसले' एवढंच लिहा, 'खरं हसला' असं लिहू नका.

आणखी एक खोड सगळ्यांना असते. दुसरा माणूस धक्का मारून गेला की तो उद्धट. आपण मारला तर आपल्याला उशीर झालेला असतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला नाव दिलं. चौकात ती दर मिनिटाला होते, कारण माणसाचा स्वभाव आणि परिस्थिती या दोन्हींपैकी आपल्याला काहीच माहीत नसतं आणि स्वभावावर बोट ठेवणं सोपं जातं.

कानावर पडलेलं

वाटेने जाणाऱ्यांचं एखादं वाक्य तुटकं कानावर येतं, ते जसंच्या तसं लिहून ठेवायला मजा येते. जाणाऱ्याचंच लिहा. शेजारी बसून बोलणाऱ्यांचं संभाषण सलग ऐकणं म्हणजे चोरून ऐकणं, त्याला निरीक्षण म्हणत नाहीत. कान तिकडेच जात असतील तर जागा बदला. आवाजाचं ध्वनिमुद्रण तर अजिबात नको. नाव, पत्ता, कार्यालय, दुखणं असं काही ऐकू आलं तर वहीत उतरवू नका.

हद्द

कुणाच्याही मागे जायचं नाही. दृष्टीआड गेलं की ते माणूस संपलं, पुढे काय झालं हे कळणार नाही. लहान मुलांवर नजर ठेवून बसू नये. मूल तुमच्या चौकटीत आलं तर सोबतच्या मोठ्या माणसाची हालचाल बघा. रडणारं, झोपलेलं, उघड्यावर राहणारं, बरं नसलेलं माणूस हा बघण्याचा विषय नाही. मदत लागत असेल तर वही मिटून उठा, नाहीतर नजर दुसरीकडे न्या. फोटो काढू नका, आणि वहीतला मजकूर कुठे टाकणार असाल तर ज्यावरून ते माणूस ओळखू येईल असा तपशील आधीच खोडा. सार्वजनिक ठिकाणच्या चित्रणाचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण वही-पेन्सिलीने बसणाऱ्याला त्यांची फारशी अडचण येत नाही.

कुणी येऊन 'काय लिहिताय?' असं विचारलं तर खरं सांगा: 'चौकात माणसं कुठे थांबतात ते बघतोय.' वही पुढे करा. डावीकडच्या रकान्यात पाय, पिशव्या आणि सेकंद सापडले की बहुतेकांचं समाधान होतं. काही जण तर बसतात आणि चौकाबद्दल स्वतःच सांगायला लागतात. समाधान झालं नाही, तर वाद न घालता त्या दिवसापुरतं उठावं.

दुसऱ्या फेरीला

उठण्याआधी पाच मिनिटं लिहिणं थांबवून नुसतं बसा. पेन्सिल खाली ठेवल्यावर हमखास काहीतरी दिसतं. ते घरी गेल्यावर लिहा. दोन दिवसांनी वही काढून सगळी विशेषणं खोडा: 'घाईत', 'बेफिकीर', 'प्रेमळ'. खोडल्यावर ज्या ओळीत काहीच उरत नाही, तिथे तुम्ही बघितलं नव्हतं. ज्या ओळी शाबूत राहिल्या त्यांतली एक पुढच्या वेळचा प्रश्न म्हणून घ्या आणि चौकात समोरच्या बाजूला बसा, जिथून तुमची मागच्या वेळची जागा दिसते. तिथे आता कोण बसलंय, आणि बसण्याआधी त्यांनी आधी काय केलं, तिथून सुरुवात करा.